मधल्या फळीतला वस्ताद

कोल्हापूरच्या मातीत कुस्ती आणि फुटबॉल हे दोन खेळ शेजारीशेजारी वाढले. इतके शेजारी की, तिथल्या फुटबॉल संघांची नावेसुद्धा तालमींचीच : पाटाकडील तालीम मंडळ, खंडोबा तालीम मंडळ. आता तालीम म्हटली की वस्ताद आलाच. हा वस्ताद एके काळी स्वतः आखाड्यात उतरलेला असतो. पुढे वय होते, गुडघे कुरकुरू लागतात, आणि तो हौद्याच्या कडेला बसून पोरांना डाव सांगू लागतो. आपल्याला हे दृश्य इतके ओळखीचे आहे की, त्यात काही अवघड असेल असे मनातच येत नाही. जो खेळला तो शिकवणार, त्यात नवल ते काय?

पण जरा थांबून विचार करा. मैदानावरचा खेळाडू चुकला, तर धावत मागे जाऊन ती चूक तो स्वतःच्या पायांनी भरून काढू शकतो. मैदानाबाहेर उभ्या असलेल्या शिक्षकाला ती मुभा नाही. त्याने निवडायचे, सांगायचे, आणि मग हाताची घडी घालून पाहत राहायचे. त्याच्या निर्णयाची किंमत दुसऱ्याच कोणाला तरी द्यावी लागते. खेळाडूचा शिक्षक होतो तेव्हा खरा बदल होतो तो हा. आज मी तुम्हाला ज्याची हकीगत सांगणार आहे, त्या मॅट बस्बीइतकी या बदलाची किंमत फुटबॉलच्या इतिहासात क्वचितच कोणाला कळली असेल.

बस्बीचा जन्म २६ मे १९०९ रोजी स्कॉटलंडमध्ये, लॅनर्कशायर परगण्यात बेल्सहिल गावाजवळच्या ओल्ड ऑर्बिस्टन या खाणकामगारांच्या वस्तीत झाला. बाप कोळशाच्या खाणीत कामाला. पहिले महायुद्ध सुरू झाल्यावर तो सैन्यात गेला आणि २३ एप्रिल १९१७ रोजी फ्रान्समध्ये आरासच्या लढाईत दबा धरून बसलेल्या एका नेमबाजाच्या गोळीला बळी पडला. मॅटला तेव्हा आठवे वर्षही पुरे झाले नव्हते. घरात उरली आई, मॅट आणि तीन बहिणी. आईचे नातलग अमेरिकेत होते. तिकडे जाऊन नवा संसार मांडावा असे तिने ठरवले, पण परवान्याला वेळ लागणार होता. मधल्या काळात पोरगा खाणीत उतरला, आणि सुटीच्या दिवशी डेनी हिब्ज नावाच्या एका लहानशा संघाकडून खेळू लागला.

तेवढ्यात मॅन्चेस्टर सिटी या इंग्लिश क्लबाच्या माणसांची नजर त्याच्यावर पडली. फेब्रुवारी १९२८ मध्ये, वयाच्या अठराव्या वर्षी, त्याचा एक वर्षाचा करार झाला. पगार आठवड्याला पाच पौंड. करारात एक गंमतीची अट होती : वर्ष संपल्यावर आईबरोबर अमेरिकेला जावेसे वाटले, तर क्लबाने त्याला मोकळे करायचे. मुलगा गेला नाही. अमेरिका राहिली, आणि धंदेवाईक फुटबॉल खेळणारा एक खेळाडू इंग्लंडला मिळाला.

मिळाला खरा, पण सुरुवातीला कोणी त्याला फारसे मोजले नाही. पहिल्या संघातला त्याचा पहिला सामना २ नोव्हेंबर १९२९ रोजी मिडल्सबरोविरुद्ध झाला. म्हणजे करारानंतर दीड वर्षाहून अधिक काळ तो वाट पाहत बसला होता. त्याला खेळवत होते इनसाइड फॉरवर्ड म्हणून, आघाडीत. पायांत वेग बेताचा, आणि आघाडीत तर बचाव करणारे खेळाडू अंगावर धावून येतात. चेंडू मिळतो तेव्हा पुष्कळदा पाठ गोलाकडे असते, विचार करायला सवड नसते. पोराचा जीव रमेना. १९३० साली शेजारच्या मॅन्चेस्टर युनायटेडने त्याची चौकशी केली. किंमत सांगितली गेली दीडशे पौंड. युनायटेडची अवस्था त्या वेळी इतकी वाईट होती की, तेवढेही पैसे जमेनात! पुढे ज्या माणसाने या क्लबाचे नाव जगभर नेले, तो दीडशे पौंडांअभावी पंधरा वर्षे उशिरा तिथे पोचला.

त्याचे नशीब पालटले ते एका साध्या बदलाने. १९३०-३१ च्या हंगामात सिटीचे मॅनेजर पीटर हॉज यांनी त्याला आघाडीतून काढले आणि एक ओळ मागे, उजव्या बाजूचा हाफ-बॅक म्हणून उभे केले.

हा हाफ-बॅक म्हणजे काय, हे थोडक्यात सांगितले पाहिजे. आज आपण त्याला मधल्या फळीतला खेळाडू म्हणतो. जुन्या मांडणीत गोलरक्षकापुढे दोन फुलबॅक, त्यांच्यापुढे तीन हाफ-बॅक आणि मग आघाडीचे पाच जण अशी रचना असे. १९२५ साली ऑफसाइडचा नियम बदलला. आघाडीच्या खेळाडूकडे चेंडू टाकताना त्याच्या आणि गोलरेषेच्या मध्ये प्रतिपक्षाचे निदान तीन खेळाडू असावे लागत, ते आता दोन असले तरी चालू लागले. गोल भराभर होऊ लागले, आणि बचावाला माणूस कमी पडू लागला. म्हणून मधला सेंटर-हाफ मागे जाऊन दोन फुलबॅकच्या मध्ये उभा राहू लागला. आर्सेनलमध्ये हर्बर्ट चॅपमन यांनी ही रचना पक्की केली. परिणाम असा झाला की, मैदानाच्या मध्यभागाचा सगळा भार दोन्ही बाजूंच्या दोन हाफ-बॅकवर आणि त्यांच्या पुढच्या दोन इनसाइड फॉरवर्डवर येऊन पडला.

या चौघांत हाफ-बॅकची जागा मोठी चमत्कारिक. मागच्याकडून चेंडू घ्यायचा आणि पुढच्याला द्यायचा. गोल केल्याची टाळी दुसऱ्याला, गोल अडवल्याची शाबासकी तिसऱ्याला. मैफलीत तबलजी असतो ना, तसे म्हणा ना! तो चुकला तर सगळ्यांना कळते. तो नीट वाजवतो तेव्हा लोक गवयाची तारीफ करतात. पण या जागेचा एक मोठा फायदा असतो. तिथून सगळे मैदान डोळ्यांपुढे दिसते. कोण मोकळा आहे, कोण दमला आहे, कोणाला चेंडू पायात हवा आणि कोणाला पुढे धावत जाऊन घ्यायला आवडतो, हे हाफ-बॅकला कळावेच लागते. बस्बीच्या पायांत वेग नव्हता, पण ही नजर होती. आघाडीत तिचा उपयोग नव्हता, मधल्या फळीत ती एकदम कामाला आली. १९३१-३२ च्या हंगामात तो पहिल्या संघात असा स्थिरावला की, अख्ख्या वर्षात लीगचा एकच सामना चुकला.

आपला खेळाडू वाईट होता असे नाही, तो चुकीच्या जागी उभा होता. बस्बीने ही गोष्ट स्वतःच्या अंगावर अनुभवली होती, आणि ती तो कधीच विसरला नाही. पुढची सारी हकीगत या एका धड्याभोवती फिरते.

१९३३ साली सिटीचा संघ एफ. ए. कपाच्या अंतिम सामन्यात पोचला आणि एव्हर्टनकडून तीन-शून्य असा हरला. अंतिम सामन्यात खेळाडूंच्या पाठीवर आकडे दिसले ते याच वेळी प्रथम : एव्हर्टनचे एक ते अकरा आणि सिटीचे बारा ते बावीस. पुढच्याच वर्षी पोर्ट्समथला दोन-एक असे हरवून सिटीने कप घरी नेला. मार्च १९३६ मध्ये लिव्हरपूलने आठ हजार पौंड देऊन बस्बीला आपल्याकडे घेतले. दीडशेचे आठ हजार झाले, पाहा! स्कॉटलंडकडून मात्र अधिकृत सामना त्याच्या वाट्याला एकच आला, ऑक्टोबर १९३३ मध्ये कार्डिफला वेल्सविरुद्ध. लिव्हरपूलमध्ये १९३९ साली बॉब पेझली नावाचा एक तरुण हाफ-बॅक आला, त्याला बस्बीने थोरल्या भावासारखे सांभाळून घेतले. हाच पेझली पुढे लिव्हरपूलचा मॅनेजर झाला आणि त्याने तीन वेळा युरोपियन कप जिंकला.

दुसरे महायुद्ध सुरू झाले तेव्हा बस्बी तीस वर्षांचा होता. खेळाडूचे उरलेले आयुष्य युद्धाने गिळले. त्या काळी धंदेवाईक खेळाडूच्या पगारालाही कमाल मर्यादा असे, आणि ती मर्यादा १९६१ साली उठेपर्यंत राहिली. पस्तिशी आली की कोणी दारूचा गुत्ता चालवायला घेई, कोणी दुकान टाकी, कोणी परत खाणीत जाई. पण सैन्याच्या शारीरिक शिक्षण पथकात बस्बीकडे जवानांचे फुटबॉल शिकवायचे काम आले. संघ बांधणे, त्याला घेऊन प्रवास करणे, नाना ठिकाणच्या खेळाडूंना एका सुरात आणणे, हे सगळे तो तिथे शिकला. इटलीत बारी गावी १९४५ साली त्याने एका माणसाला जवानांपुढे फुटबॉलवर बोलताना ऐकले. जिमी मर्फी हे त्याचे नाव. वेस्ट ब्रॉमविच आणि वेल्स यांचा जुना हाफ-बॅक. शब्दांना अशी धार की, ऐकणाऱ्याला उठून मैदानात पळावेसे वाटावे. बस्बीने त्याला तिथल्या तिथे विचारले, माझ्याबरोबर मॅन्चेस्टरला येतोस का? आणि तोही तिथल्या तिथे हो म्हणाला.

मॅन्चेस्टर सांगायचे कारण, तोपर्यंत बस्बीने एक निर्णय घेऊन टाकला होता. लिव्हरपूल त्याला सहायक शिक्षक म्हणून घ्यायला तयार होते. पण त्याला स्वतःच्या पद्धतीने काम करायचे होते. मॅन्चेस्टर युनायटेडशी त्याने बोलणी केली आणि अट घातली : सराव मी घेणार, सामन्यासाठी संघ मी निवडणार, कोणाला विकत घ्यायचे आणि कोणाला विकायचे हे मी ठरवणार, संचालकांनी मध्ये पडायचे नाही.

श्रोतेहो, आज हे साधे वाटेल. त्या काळी ही अट म्हणजे जवळजवळ बंडच होते. इंग्लंडमधल्या बहुतेक क्लबांत मॅनेजर हा कचेरीत बसणारा, सूट घातलेला चिटणीस असे. संघ संचालक निवडत. खेळाडूंना मैदानाभोवती फेऱ्या मारायला लावणारा ट्रेनर वेगळा. आठवडाभर चेंडू दाखवायचाच नाही, म्हणजे शनिवारी त्यांना चेंडूची भूक लागेल, अशीही एक समजूत होती! बस्बीला तीन वर्षांचा करार देऊ केला होता, त्याने पाच वर्षांचा मागितला आणि १९ फेब्रुवारी १९४५ रोजी सही केली. ऑक्टोबरात तो कामावर हजर झाला. पाहतो तर काय, युनायटेडच्या ओल्ड ट्रॅफर्ड मैदानावर मार्च १९४१ मध्ये जर्मनांचे बॉम्ब पडलेले, प्रेक्षकांच्या बसण्याची जागा मोडून पडलेली. १९४९ सालापर्यंत युनायटेडला आपले घरचे सामने शेजारच्या सिटीच्या मैदानावर भाड्याने खेळावे लागले.

अशा ठिकाणी बस्बीने काय केले? सूट उतरवला, खेळाडूंचा सरावाचा पोशाख चढवला आणि चेंडू घेऊन त्यांच्यातच धावू लागला. मैदानावरून त्याने पाऊल बाहेर टाकले होते, पण मधल्या फळीतली नजर तो बरोबर घेऊन आला होता. जॉनी कॅरी इनसाइड फॉरवर्ड म्हणून खेळायचा. बस्बीने त्याला फुलबॅक केले, आणि तोच त्याचा नामवंत कर्णधार ठरला. जॉन ॲस्टनही आघाडीतला. त्यालाही मागे आणून डाव्या बाजूचा फुलबॅक केले, आणि तो इंग्लंडकडून खेळला. पीटर हॉजने एकदा ज्या पोराची जागा बदलून त्याला वाचवले होते, तो पोरगा आता इतरांच्या जागा शोधून देत होता. १९४८ साली युनायटेडने स्टॅन्ले मॅथ्यूजच्या ब्लॅकपूल संघाला चार-दोन असे हरवून एफ. ए. कप जिंकला. १९५२ साली लीगचे अजिंक्यपद मिळाले, तेही एक्केचाळीस वर्षांनंतर.

हा संघ वयाने पिकत चालला होता. पैसे टाकून तयार खेळाडू घेण्याऐवजी बस्बी आणि मर्फी यांनी शाळकरी पोरे गोळा करायला सुरुवात केली. कुमारांसाठी राष्ट्रीय स्पर्धा सुरू झाली, तिचा कप १९५३ पासून सलग पाच वर्षे युनायटेडच्याच पोरांनी नेला. रॉजर बर्न, एडी कोलमन, डेव्हिड पेग, बिली व्हेलन, बॉबी चार्ल्टन आणि या सगळ्यांत मोठ्या ताकदीचा डंकन एडवर्ड्‌स. हा एडवर्ड्‌सही हाफ-बॅकच. सतरा-अठरा वर्षांच्या मुलांना मोठ्यांच्या सामन्यात उतरवणे हा त्या वेळी वेडेपणा समजला जाई. बस्बीने तो केला. १९५६ आणि १९५७ अशी दोन वर्षे लीग त्यांनी जिंकली. संघाचे सरासरी वय होते बावीसच्या आसपास. वर्तमानपत्रांनी त्यांना ‘बस्बीची बाळे’ म्हणायला सुरुवात केली.

याच सुमारास युरोपभरच्या अजिंक्य क्लबांची स्पर्धा सुरू झाली होती. १९५५ साली इंग्लंडचा अजिंक्य क्लब चेल्सी या स्पर्धेत उतरणार होता, पण इंग्लिश लीगने त्याला परावृत्त केले. घरचे सामने विस्कळीत होतील असे लीगला वाटत होते. १९५६ मध्ये युनायटेडलाही तसाच सल्ला मिळाला. बस्बीने तो मानला नाही. खेळ आता एका देशाचा राहिलेला नाही, आपल्या पोरांनी जगातल्या उत्तम संघांशी खेळले पाहिजे, हे त्याने संचालकांना पटवले. युनायटेड गेला, आणि बेल्जियमच्या अँडरलेख्टला त्याने चक्क दहा-शून्य असे हरवले. त्या वर्षी उपान्त्य फेरीत रेआल माद्रिदने त्यांना थांबवले. पोरे लहान आहेत, पुढच्या वर्षी जिंकतील, असे सगळेच म्हणत होते.

पुढच्या वर्षी ५ फेब्रुवारी १९५८ रोजी बेलग्रेडला रेड स्टारशी तीन-तीन अशी बरोबरी झाली, आणि दोन सामन्यांच्या बेरजेवर युनायटेड पुन्हा उपान्त्य फेरीत पोचला. शनिवारी लीगचा महत्त्वाचा सामना होता, वेळेत परतणे भाग होते. म्हणून स्वतंत्र विमान ठरवले होते. दुसऱ्या दिवशी, ६ फेब्रुवारीला, इंधन घेण्यासाठी ते म्यूनिकला उतरले. बर्फ पडत होते. दोनदा उड्डाणाचा प्रयत्न झाला, दोन्ही वेळा थांबावे लागले. तिसऱ्या वेळी धावपट्टीवरच्या बर्फाच्या चिखलात विमानाला वेग घेता आला नाही. कुंपण तोडून ते एका घरावर आदळले.

तेवीस माणसे दगावली. त्यांत आठ खेळाडू : बर्न, बेंट, कोलमन, जोन्स, पेग, टेलर, व्हेलन, आणि पंधरा दिवस मृत्यूशी झुंजून शेवटी डंकन एडवर्ड्‌स. तो फक्त एकवीस वर्षांचा होता. आणखी दोघे, बेरी आणि ब्लँचफ्लॉवर, पुन्हा कधी खेळू शकले नाहीत. जर्मन चौकशीने वैमानिकाला दोष दिला. पुढे अकरा वर्षांनी, १९६९ मध्ये, ब्रिटिश चौकशीने त्याला दोषमुक्त ठरवले.

बस्बी इस्पितळात ऑक्सिजनच्या तंबूत पडून होता. तो कॅथलिक. धर्मगुरूंनी मरणापूर्वीचे विधी त्याच्यावर दोनदा केले. तो शुद्धीवर आल्यावरही खरे काय झाले हे कोणी त्याला सांगेना. शेवटी त्याने बायकोला, जीनला, विचारले. तो एकेक नाव घेत गेला, आणि ती फक्त मानेने सांगत गेली, आहे की गेला. श्रोतेहो, जगातल्या कोणत्या वस्तादावर अशी हजेरी घ्यायची पाळी आली असेल?

सुरुवातीला मी म्हटले होते, शिक्षकाच्या निर्णयाची किंमत दुसऱ्याला द्यावी लागते. युरोपात जायचा आग्रह कोणाचा होता? त्याचा. एवढ्या लहान वयात पोरांना पहिल्या संघात कोणी आणले? त्यानेच. बर्फ काही त्याने पाडले नव्हते, विमानही तो चालवत नव्हता. कोणत्याही न्यायालयात त्याच्यावर दोष आला नसता. पण मनाचे न्यायालय निराळे असते. फुटबॉलशी पुन्हा संबंधच ठेवायचा नाही, असे त्या दिवसांत आपल्या मनाने घेतले होते, हे त्याने पुढे स्वतःच सांगितले आहे. त्याला परत फिरवले ते जीनने. गेलेल्या पोरांना तू काम सोडलेले आवडले नसते, एवढेच ती म्हणाली.

तिकडे मॅन्चेस्टरला क्लब सांभाळत होता जिमी मर्फी. त्या आठवड्यात तो वेल्सच्या राष्ट्रीय संघाबरोबर कार्डिफला होता, म्हणून विमानात नव्हता. अपघातानंतर तेराच दिवसांनी युनायटेडचा पहिला सामना झाला. छापील कार्यक्रमपत्रिकेत युनायटेडच्या अकरा जागा कोऱ्या सोडल्या होत्या, कारण कोण खेळणार हे कोणालाच ठाऊक नव्हते. वाचलेले दोघे, कुमार संघातली पोरे आणि घाईने विकत घेतलेले खेळाडू यांना घेऊन मर्फीने तो सामना जिंकला आणि संघ कपाच्या अंतिम सामन्यापर्यंत नेला. तो सामना युनायटेड हरला. बस्बी काठी टेकत वेम्ब्लीला आला होता, पाहायला.

त्यानंतर त्याने सगळे पुन्हा मांडले. डेनिस लॉ आला, पॅट क्रेरँड हा हाफ-बॅक आला, बेलफास्टहून जॉर्ज बेस्ट नावाचे एक किडकिडीत पोर आले. म्यूनिकमधून वाचलेला बॉबी चार्ल्टन कधी आघाडीत, कधी डाव्या कडेला खेळत असे. त्याला बस्बीने मधल्या फळीत आणले, आणि जगाने पाहिलेला चार्ल्टन खऱ्या अर्थाने तिथेच उमलला. पुन्हा तोच धडा : माणसाची जागा शोधा. १९६३ साली कप, १९६५ आणि १९६७ साली लीग. आणि २९ मे १९६८ रोजी वेम्ब्लीवर जादा वेळेत बेनफिकाला चार-एक असे हरवून युनायटेड युरोपियन कप जिंकणारा पहिला इंग्लिश क्लब ठरला. चार्ल्टनने दोन गोल केले. बचावात बिल फोक्स होता. तोही म्यूनिकमधून वाचलेला, तोही एके काळचा खाणकामगार. सामना संपल्यावर मैदानावर बस्बी आणि चार्ल्टन यांनी एकमेकांना मिठी मारली. त्यात जिंकल्याचा आनंद किती आणि दहा वर्षांचे ओझे किती, हे त्या दोघांनाच ठाऊक!

आता जरा बाजूला वळून पाहू. त्या पिढीत ब्रिटनमधले मोठे शिक्षक कोण कोण झाले? लिव्हरपूलचा बिल शँक्ली, स्कॉटिश खाणकामगार, उजवा हाफ-बॅक. टॉटनहॅमला १९६१ साली लीग आणि कप दोन्ही मिळवून देणारा बिल निकोल्सन, उजवा हाफ-बॅक. सिटीला १९६८ साली लीग मिळवून देणारा जो मर्सर, डावा हाफ-बॅक. वुल्व्ह्‌जचा स्टॅन कलिस, सेंटर-हाफ. १९६७ साली सेल्टिकला युरोपियन कप मिळवून देणारा जॉक स्टीन, तोही खाणीतून आलेला, सेंटर-हाफ. पेझली आणि मर्फी यांची नावे आधीच घेतली. एवढी माणसे एकाच ओळीतून यावीत हा केवळ योगायोग म्हणता येणार नाही. सगळे मैदान पाहायची सवय, आणि चेंडू आपल्यापाशी न ठेवता दुसऱ्याच्या पायात देण्यात समाधान मानायची वृत्ती, या दोन्ही गोष्टी त्या जागेने त्यांना शिकवल्या होत्या.

पण नुसती जागा पुरत नाही, हेही प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. बस्बीने १९६९ साली संघाची सूत्रे खाली ठेवली. त्याच्या जागी आला विल्फ मॅकगिनेस. तोही युनायटेडच्याच तालमीतला हाफ-बॅक, पाय मोडल्याने ऐन तारुण्यात खेळ सुटलेला. वय एकतीस. ज्यांना आता हुकूम द्यायचे, त्यांतले काही त्याचे कालपर्यंतचे सवंगडी, काही वयाने मोठे. आणि बस्बी? तो क्लब सोडून गेला नव्हता. जनरल मॅनेजर म्हणून तिथेच होता. वस्ताद हौद्याच्या कडेलाच बसून राहिला, तर नव्याचा शब्द कोण ऐकणार? डिसेंबर १९७० मध्ये मॅकगिनेसला दूर केले आणि काही महिने बस्बीलाच पुन्हा संघ हाती घ्यावा लागला. त्याच्यामागून फ्रँक ओफॅरेल आला, मग टॉमी डॉकर्टी. दोघेही जुने हाफ-बॅकच. १९७४ साली युनायटेडची दुसऱ्या विभागात घसरण झाली.

आयुष्यभर ज्याने चेंडू योग्य वेळी योग्य माणसाकडे सोपवला, त्याचा हा शेवटचा पास मात्र अर्धाच सुटला. दोष द्यायचा म्हणून मी हे सांगत नाही. ज्याने एक संघ गमावला आणि दुसरा पोटच्या पोरांसारखा उभा केला, त्याच्या हातून तो सहज सुटेल तरी कसा? तथापि शिकवणाऱ्या प्रत्येकाने, मग तो तालमीतला असो वा शाळेतला, यातून एक गोष्ट ध्यानात ठेवावी. शिष्याला जागा शोधून देणे हे अर्धे काम. आपली जागा त्याच्यासाठी मोकळी करणे हे उरलेले अर्धे, आणि तेच जास्त अवघड.

मॅट बस्बी २० जानेवारी १९९४ रोजी वयाच्या चौऱ्याऐंशीव्या वर्षी वारला. ओल्ड ट्रॅफर्डबाहेर त्याचा पुतळा उभा आहे. स्टेडियमच्या भिंतीवर एक घड्याळही आहे, त्यावर फक्त म्यूनिक हे नाव आणि ६ फेब्रुवारी १९५८ ही तारीख कोरलेली आहे. खाणीतून वर आलेल्या त्या पोराची गोष्ट सांगताना या दोन्हींपैकी एकालाही वगळून चालत नाही. त्याने जे मिळवले आणि जे गमावले, ते दोन्ही इतरांच्या पायांनी आणि इतरांच्या आयुष्यांनी. शिकवणाऱ्याचे जगणे असेच असते, एवढे तरी त्याच्या आयुष्याने आपल्याला दाखवले.